मशीनचा इसावा

पप्पा, तुमचं मशीन आत्ता चालू आहे. फिरत नाही, शेडला कुलूप आहे. आज दसरा, उद्यमनगरात एकही पट्टा हलत नसेल. पण पॅनेलवरचा हिरवा दिवा लागलेला आहे आणि आतली मेमरी जागी आहे. ही एवढीशी गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. आई आणि मी मघाशी विहारातून आलो. तिनं पांढरी साडी अजून बदललेली नाही, तशीच स्वयंपाकघरात चहा टाकते आहे, आणि आल्याआल्या काय लिहीत बसलीस म्हणून विचारते आहे. मी म्हटलं, शेडचं काम आहे. ते तसं खोटंही नाही.

तुमच्याबद्दल विचार करायला लागले की मला घर आधी आठवत नाही, ती शेडच आठवते. पत्र्याचं छत, लोखंड कापताना सोडायच्या कुलंटचा आंबूस वास, आणि कोपऱ्यात तुमचा लेथ. शेडमधला तो पहिला कॉम्प्युटरवाला लेथ. तुम्ही तिथं लोखंडाचा कीस झाडायला लागलात आणि शेवटी त्याच मशीनचे ऑपरेटर झालात, हे आई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची. पंपाचे शाफ्ट त्यावर कापले जायचे. मी लहान आहे, खंडेनवमीचा दिवस आहे आणि तुम्ही मला बावड्याहून सायकलवर पुढं बसवून शेडमध्ये आणलं आहे. सगळी मशीनं धुतलेली, त्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं. तुमचं मशीन तेवढं पुसून लख्ख, पण त्याला कुंकू नाही. आपण बौद्ध, आपण लोखंडाची पूजा करत नाही, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. पूजा झाली की जो तो आपल्या मशीनचा मेन, म्हणजे मुख्य स्विचचा दांडा, खाली ओढतो. रोज संध्याकाळी नुसतं बटण बंद व्हायचं, मेन वर्षातून या एकाच दिवशी. मशीनला इसावा, म्हणजे दसऱ्याचा दिवस संपेपर्यंत त्याला पूर्ण विश्रांती. मला वाटलं, आपल्याला कुंकू नाही तर नाही, इसावा तर देता येईल. मी टाचा उंचावून तुमच्या मशीनच्या मेनला हात घातला.

"हात काढ! मेन बंद करायचा न्हाय!"

तुम्ही माझ्यावर ओरडलात असा तो पहिला आणि शेवटचा दिवस. मग मामांनी मला बाजूला नेऊन हातात खोबऱ्याचा तुकडा दिला. सख्खे मामा नव्हेत, तुमच्या हाताखाली शिकलेले, तुम्हाला वस्ताद म्हणणारे. एरवी ते बोलले की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जातं. त्या दिवशी मात्र अगदी हळू म्हणाले, "असू दे पोरी. तुझ्या पप्पाचं येगळं हाय." तो 'येगळं' शब्द मी पुढं पुष्कळ ऐकला. आपलं गाव सगळं मोठ्यानं बोलतं. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, सगळं चौकात उभं राहून. या एका गोष्टीवर आल्यावर मात्र आवाज खाली येतो. ती माणसं वाईट नव्हती. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच त्यांनी तुम्हाला कधी विचारलं नाही की बाबा रे, कुंकू नको हे समजलं, पण मेन का बंद करत नाहीस?

मीही विचारलं नाही. मी त्याचा अभिमान बाळगला. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी भाषण केलं. माझे वडील यंत्र चालवतात पण यंत्रापुढं वाकत नाहीत, सगळी शेड अंधारात असते तेव्हा एकट्या त्यांच्या मशीनचा दिवा जळत असतो, असं बरंच काही. टाळ्या पडल्या. तुम्ही हाफ डे टाकून आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी व्यासपीठावरून तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही खाली बघत होता. मला वाटलं, लाजताय. घरी जाताना तुम्ही मला भजी घेऊन दिलीत आणि एवढंच म्हणालात, "चांगलं बोलतीस. पर माझ्याबद्दल नगं बोलत जाऊ." पुढच्या वर्षी तुम्ही काविळीत गेलात. मी ते भाषण मनात तसंच जपून ठेवलं.

तुम्ही गेल्यावर तुमचं मशीन मामांकडं आलं. त्यांनी तुमच्या सगळ्या सवयी तशाच चालू ठेवल्या. लाइट गेली की तुम्ही हातातला घास टाकून जनरेटरकडं पळायचात, तसे तेही पळायचे. का, ते त्यांना माहीत नव्हतं. खंडेनवमीला तुमच्या मशीनला कुंकू लागायचं नाही, त्याचा मेनही खाली यायचा नाही. मी डिप्लोमा केला, मग इंजिनिअरिंग. आपल्या घरात पहिली पदवी आली तेव्हा आईनं ती फ्रेम करून टीव्हीच्या वर लावली आणि रोज तिच्यावरची धूळ पुसते. मालकांनी मला शेडमध्येच मशीनची देखभाल करायला घेतलं. माझ्याबरोबरच्या मुली पुण्याला गेल्या, मला इथं यायचं होतं. मला वाटायचं, जिथं वडील झाडू घेऊन शिरले तिथं मुलगी पाने आणि मीटर घेऊन शिरली, यात काहीतरी न्याय आहे. अजूनही वाटतं.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी जयसिंगपूरला गिऱ्हाइकाकडं गेले होते. दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाय टाकला तर सगळे तुमच्या मशीनभोवती गोळा झालेले. स्क्रीनवर रांगेनं शून्यं. सरकणारा भाग किती लांब जाऊ शकतो, स्क्रूमध्ये किती ढिलाई आहे, कुठं थांबायचं, हे सगळं त्याच्या मेमरीत आकड्यांनी लिहिलेलं असतं. ते सगळं गेलं होतं. लोखंड जागच्या जागी होतं, मोटारी ठीक होत्या, पण आपण कोण आहोत हेच मशीन विसरलं होतं. मामा स्टुलावर बसले होते. मला बघून उठले.

"पोरी, मी कुंकू न्हाय लावलं. आईशपथ. वस्तादाचा शब्द मी मोडला न्हाय. निस्ता मेन खाली केला. म्हटलं, इतकी वर्सं सगळ्यास्नी इसावा मिळतोय, ह्यालाच न्हाय. वस्ताद तर गेला, आता कुणाचं मन दुखायचंय?"

मालक पॅनेलवर थाप मारून म्हणाले, "कंपनीला फोन लाव की. कंपनीकडं कॉपी असती सगळ्याची." मी लावला. ज्या कंपनीनं मशीनचा हा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोलर, बनवला ती एका मोठ्या कंपनीनं केव्हाच विकत घेतली होती. नंबर तोच होता, उचलणारे दुसरे. पलीकडची मुलगी फार नम्रपणे बोलत होती. तिनं नंबर लिहून घेतला, मला गाणं ऐकवलं, परत आली आणि म्हणाली की हे प्रॉडक्ट आमच्या यादीत नाही मॅडम, पण जुन्याच्या बदल्यात नवीन घ्यायची योजना आहे, माहिती पाठवू का? मी म्हटलं, तुमच्याच कंपनीनं बनवलंय. ती म्हणाली, नाही मॅडम, ती आधीची कंपनी. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या समोरच्या यादीत तुमचं मशीन जन्मलंच नव्हतं. मालकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. "तवर चालू झालं तर ठीक. न्हायतर भंगारवाल्याला बोलीवतो. आणि मामा, तुम्ही आता पॅकिंगला बसा." नव्या मशीनांवर नवी पोरं होती. मामांना हे एकच मशीन येत होतं.

पॅनेलच्या दाराच्या आत जुन्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचा स्टिकर होता, त्यावर मोबाइल नंबर. तो लागला. ते आता पुण्यात सोलरचं काम करतात. मी मशीनचं नाव सांगताच त्यांनी गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला.

"कॉपी होत्या ताई आमच्याकडे. कपाटभर. प्रत्येक मशीनची वेगळी. कंपनी विकली, ऑफिस हलवलं, तेव्हा पोती भरून गेल्या. आम्ही म्हणालो, अहो ठेवा. ते म्हणाले, कशाला? त्यांचे स्वतःचे कंट्रोलर होते ना. त्यांनी विकत घेतलं ते गिऱ्हाईक. आमची मशीनं लवकर मरावीत, असंच होतं त्यांच्या दृष्टीनं. कुणी वाईट नव्हतं हो. पेढे वाटले होते त्या दिवशी."

मग त्यांनी मला मेमरी कार्डाचं, म्हणजे आकडे साठवणाऱ्या आतल्या सर्किट बोर्डाचं सांगितलं. त्या कार्डात एक सेल आहे, तो राळेत बुडवून पक्का केलेला, सुटा मिळत नाही. काही वर्षांनी तो थकतो, मग कंपनी अख्खं कार्ड बदलून द्यायची. थकलेल्या सेलवर मेमरी तासदोन तास टिकते, रात्रभर टिकत नाही. मेन चालू असेल तर मात्र काही होत नाही. बोलताबोलता ते थांबले आणि म्हणाले, "कोल्हापूर म्हणालात ना? उद्यमनगर? तिथले एक ऑपरेटर मला सारखे फोन करायचे. साहेब कार्ड आलं का, साहेब कार्ड आलं का. शेवटी मीच त्यांना सांगितलं, आता कार्ड कधीच येणार नाही, कंपनी विकली गेली. मेन खाली करू नका आणि मालकांच्या कानावर घाला. ते म्हणाले, मालकांना कळलं तर मशीन भंगारात आणि मी परत झाडू मारायला. पोरगी शिकतीया, तेवढी वर्सं जाऊ देत. कसे आहेत हो ते?"

मी सांगितलं, ते माझे वडील. ते गेले.

पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवलेला होता. इतकी वर्षं तो तिथं होता की आम्ही त्याला मशीनचाच भाग धरून चाललो होतो. मी नखानं तो सोलला. खाली लाल दिवा उघडझाप करत होता आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'बॅटरी' लिहिलेलं.

म्हणजे मी ज्या दिव्याचं भाषण केलं तो हिरवा दिवा जळत राहिला तो या लाल दिव्यासाठी, आणि तो तुम्ही झाकून ठेवला होता. तुम्हाला माहीत होतं की सगळी शेड एकाच गोष्टीबद्दल तुम्हाला कधी काही विचारणार नाही. तुम्ही तुमचं गुपित नेमकं तिथं ठेवलंत. त्यांनी 'येगळं' म्हणून आवाज खाली आणला आणि तुम्ही त्या खालच्या आवाजाच्या आडोशाला माझं शिक्षण चालू ठेवलंत. मला पहिल्यांदा राग आला. मी ज्याला तुमचा ताठ कणा समजत होते ती भीती होती, असं वाटलं. मग ती शेवटची रांग आठवली, इस्त्रीचा शर्ट आठवला, आणि राग कुणावर करायचा ते कळेना.

त्या संध्याकाळी मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "व्हय, एकदा आलते असंच तोंड पाडून. म्हनले, कंपनी इकली गेली. मी म्हटलं आता काय खायाचं? तर हसाय लागले. म्हनले, आपली न्हवं गं, मशीनची कंपनी. मी म्हटलं, मग तुमचं काय जातंय? तर जेवले न्हाईत त्या दिवशी."

"म्हणजे ते तत्त्व वगैरे काही नव्हतं," मी म्हटलं. "नुसता सेल संपला होता."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून बालवाडीत आहे. "दोन्ही असंल की. माणूस काय एकाच कारणानं वागतो व्हय? कुंकू न्हाय लावलं ते कंपनी इकायच्या आधीपास्नं न्हाय लावलं. त्येला कुठला सेल हुता?"

एवढं बोलून तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

मशीन मी उभं केलं, पप्पा. हे सांगताना आनंद होतो, तो मला लपवता येत नाही. राळ कोरून काढली, तुम्ही ॲडमिशनच्या दिवशी आणून दिलेला मल्टिमीटर लावून थकलेला सेल शोधला, आणि त्या जागी बाहेरून बदलता येईल असा साधा सेल बसवला. आकडे मात्र कुठूनच मिळाले नाहीत. ते आम्ही मोजून काढले. मी मापाची डायल लावायची, मामा हातानं भाग सरकवायचे, थांबायचे, म्हणायचे, "हितं वस्ताद वाईच दमानं घ्यायचा." मग मी तिथलं परत मोजायची, आणि तिथं खरंच ढिलाई सापडायची. एकेक शून्य पुसत गेलो. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात पहिला शाफ्ट मापात उतरला तेव्हा मामांनी तो फडक्यात गुंडाळून बाळासारखा मालकांसमोर नेला. मालक मायक्रोमीटर लावून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ठीक हाय. पर परत इसरलं तर मला इचारायला येऊ नगंस. सरळ भंगार."

आता शेडमधल्या प्रत्येक मशीनचे आकडे मी छापून त्याच्याच पॅनेलच्या दाराला आतून लावले आहेत. पोरं हसतात, इंजिनेरबाईनं मशीनास्नी जन्मदाखले दिले म्हणतात. हसू देत. कंपनी कुणीही कुणाला विकावी, पण मशीनचं जे आहे ते मशीनपाशी राहिलं पाहिजे, एवढं मला कळलं आहे. ज्याच्यावर कुणाचं पोट आहे त्याची ओळख दुसऱ्या गावच्या कपाटात ठेवायची आणि मग ते कपाटच विकायचं, याला कुणी चूकसुद्धा म्हणत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मी एकदा हे मालकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "व्हय की. आता शाफ्टचं बघ."

काल खंडेनवमी होती. पूजा झाली, एकेक मेन खाली यायला लागला. मामा तुमच्या मशीनपाशी येऊन थांबले आणि तिथूनच, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडले, "इंजिनेरबाई! वस्तादाच्या मशीनला कुंकू लावायचं का न्हाय? आणि मेन खाली करायचा का न्हाय? यंदा इचारून करणार बाबा मी!"

सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांत तो प्रश्न पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला होता. मी तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं. कुंकू नको मामा, आम्ही बौद्ध, आम्ही लावत नाही. झेंडूचं एक फूल ठेवा. आणि मेन बंद करा. सेल नवा आहे, आता ते विसरणार नाही. मामांनी फूल ठेवलं. मेनच्या दांड्यावर हात ठेवून माझ्याकडं परत एकदा बघितलं, आणि खाली ओढला. हिरवा दिवा गेला. "घे, इसावा घे," ते मशीनला म्हणाले. मला वाटलं, तुमचं ओझं आज आम्ही सगळ्यांनी मिळून खाली ठेवलं. मी सायकल स्टँडपर्यंत अगदी ताठ मानेनं गेले.

आज सकाळी मामा सोनं द्यायला घरी आले होते. आपट्याची पानं आईच्या हातात ठेवून म्हणाले, "वैनी, आज वस्तादाचं मशीन निवांत झोपलं असंल बगा. इतक्या वर्सांनी." आईनं पानं कपाळाला लावली नाहीत, पण पदवीच्या फ्रेमखाली नीट ठेवली. मी आत जाऊन पाणी आणलं, तेवढंच.

कारण काल संध्याकाळी मी परत शेडवर गेले होते, पप्पा. किल्ली माझ्याकडं असते. सेल मी स्वतः तपासलेला आहे, आकडे दाराला चिकटवलेले आहेत, विसरलं तरी अर्ध्या दिवसात परत भरता येतील, हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या अंधारात तुमचं मशीन इतरांसारखंच विझलेलं बघितलं आणि मला ती शून्यं परत दिसायला लागली. मी मेन वर केला. स्क्रीन उजळली, सगळे आकडे जागच्या जागी होते. तेव्हा तरी परत बंद करायला हवा होता. दांड्यावर हात ठेवून उभी राहिले आणि मला ते जमलं नाही. फूल सरळ केलं आणि कुलूप लावून आले.

उद्या सकाळी मामा सगळ्यांच्या आधी येतील आणि हिरवा दिवा बघतील. मला त्यांना सांगावं लागेल, मोठ्यानंच, की मेन मी चालू केला, मला भीती वाटली. आई चहा घेऊन आली आहे, आता हे बंद करते. तुम्हाला आधी सांगितलं, एवढंच.